बिननावाचा अ‍ॅम्प्लिफायर

"ए पोरी, हात काढ! आधी हात काढ त्याच्यावरनं!"

चटका बसावा तसा मी हात मागे घेतला. मामाच्या दुकानाच्या काउंटरवर एक हिरवी लोखंडी पेटी ठेवलेली होती, शाळेच्या बाकाच्या अर्ध्या लांबीची. तिच्या पलीकडे धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पेटी रिक्षातून उतरवताना त्यांना चांगलीच धाप लागली होती, पण माझ्यावर ओरडण्यापुरता दम त्यांनी राखून ठेवला होता.

"आप्पा, भाची आहे माझी," मामा आतून हात पुसत आला. "बहिणीची मुलगी, जुई. नुसती बघत होती ती."

"बघू दे की. डोळ्यानं बघू दे. ह्या साउंडला बाईमाणसाचा हात लागलेला न्हाई आजवर. माझ्या टॉकीजचा नेमच होता. दसऱ्याला मशीनपुढं नारळ फोडायचा, मग हंगाम संपेपर्यंत मशीनच्या खोलीत बाईचा पदर दिसायचा न्हाई."

मी ड्रेसमध्ये आहे, मला पदरच नाही, असं मी म्हणाले. मनात. आज मी दहावीत आहे, वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलेय आणि मला गप्प बसवणं हा आमच्या वर्गात एक स्वतंत्र विषय आहे. आज हे मी मोठ्यांदा म्हणाले असते आणि वर 'आप्पा, पाणी हवंय का?' असंही विचारलं असतं. पण तेव्हा मी आठवीत होते, आणि माझी बरीचशी वाक्यं मनातच राहायची.

बार्शीला आमचा फुलांचा गाळा होता. बाबा गेले, गाळा गेला, आणि आई कुवेतला एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला गेली. मला मामाकडे, कुर्डुवाडीला ठेवलं. नव्या शाळेत मुली जोड्या करून बसायच्या. मी वर्षाच्या मध्येच आले, सगळ्या जोड्या आधीच झालेल्या, म्हणून शेवटचं बाक माझं एकटीचं. घरी उज्ज्वलामामीचे शिवणाचे क्लास चालायचे आणि प्रत्येक बाई सुईत दोरा ओवता ओवता विचारायची, "आई कधी येणार गं तुझी?" त्यापेक्षा दुकान बरं. 'रमाकांत रेडिओ अँड साउंड'मध्ये मला कुणी काही विचारायचं नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायचे, म्हणजे पुस्तक उघडं ठेवायचे आणि मामाच्या सोल्डरिंगच्या धुराची पांढरी रेघ वर जाताना बघायचे.

"कंपनी कोणती आप्पा?" मामानं विचारलं.

"तेच तर तुला सांगायचंय, रमाकांत. तूच मला सांग कंपनी कोणती."

हे विश्वंभरआप्पा होनराव. एके काळी त्यांची टुरिंग टॉकीज होती. जत्रा जिथं, तंबू तिथं. पुढच्या बाजूला बाया-माणसं मातीवर बसणार, मागं खुर्च्या, आणि मधे या पेटीचा आवाज. प्रोजेक्टर केव्हाच विकला गेला, तंबूला उंदीर लागले, उरली ती आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची एवढी पेटी. आता सोलापूरच्या एका कॉलेजमध्ये फिरत्या सिनेमाचं दालन उभं राहणार होतं. तिथल्या मॅडम रविवारी येऊन पेटी बघणार होत्या.

"पण बाई म्हणाली, आप्पा, ओळख पटली पायजे. कुठल्या कंपनीचा, चालतो का, आवाज देतो का. नुसता डबा आम्हाला ठेवता येणार न्हाई." आप्पांनी पेटीवर तळवा ठेवला. "आन् आमचा शिवराज घरावर मजला चढवतोय. त्यानं सांगितलंय, त्यांनी नेली तर ठीक, न्हाईतर सोमवारी भंगारवाला बोलावतो. रमाकांत, माझं एवढंच राहिलंय बघ. ही गेली की मी टॉकीज काढली होती हे सांगायला माझ्या तोंडाशिवाय काही न्हाई. आन् माझ्या तोंडाचं कोण ऐकतंय?"

"विलायती असेल?"

"असेल म्हंजे? विलायतीच! आम्ही टांग्यातनं पुकारत फिरायचो, होनराव टॉकीजमध्ये विलायती आवाज ऐका!"

"ते पुकारायचं झालं आप्पा. खरेदी कुठं केलीत?"

"पुण्याला. जुन्या बाजारात. तेव्हाच पट्टी नव्हती नावाची."

नावाच्या पट्टीच्या जागी स्क्रूची दोन भोकं होती. मागच्या बाजूला काहीतरी छापलेलं असणार, पण त्यावर कुणीतरी दाराला मारतात तो हिरवा ऑइलपेंट दोन-तीन हात मारलेला. मामानं वरचं झाकण काढलं. आत बल्बसारखे काचेचे वॉल्व्ह रांगेनं उभे, धुळीनं राखाडी झालेले.

"चालू करून तर बघ," आप्पा म्हणाले.

"असं चालू नाही करता येत. ह्या ट्रान्सफॉर्मरला किती वायरी निघाल्यात बघा. कुठली किती व्होल्टची ते कंपनीच्या नकाशावर असतं. अंदाजानं दिली लाइन आणि चुकलं, तर ट्रान्सफॉर्मर जळणार. आणि हा जळला तर दुसरा मिळत नाही, अजिबात नाही. आधी कंपनी कळू दे."

मामानं फोटो काढून त्यांच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपचं नाव 'इलेक्ट्रॉनिक्स बंधू सोलापूर जिल्हा', आणि बंधू कमालीचे ठाम होते. पंढरीच्या बंधूंनी लिहिलं, रशियन मिलिटरी आहे, हात लावू नका. मोहोळच्या बंधूंनी लिहिलं, शंभर टक्के जर्मन, चेसिसचा सांगाडा बघा. तिसऱ्यांनी लिहिलं, आमच्या सासुरवाडीच्या देवळात असाच आहे, पण त्यालाही नाव नाही. चौथ्यांनी सुप्रभातचं चित्र पाठवलं. मामा वॉल्व्हवरचे नंबर वाचत राहिला, पण सात वॉल्व्ह आणि एकाची कंपनी दुसऱ्याला लागेना. ट्रान्सफॉर्मर वेगळ्याच कारखान्याचा. आप्पा रोज दुपारी येऊन बाकड्यावर बसायचे. "लागला का पत्ता?" विचारायचे आणि नाही म्हटलं की एकदम छोटे व्हायचे. मी कोपऱ्यातून बघायचे. म्हातारी माणसं बसल्या जागी लहान होत जातात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शुक्रवारी मामानं पेटी उलटी केली आणि खालचा पत्रा काढला. "जुई, बॅटरी धर गं जरा. वरून. हात नको लावू, नाहीतर आप्पा इथंच उपोषणाला बसतील."

"बसंन की," आप्पा बाकड्यावरून म्हणाले.

मी बॅटरी धरली आणि आत पाहिलं. आणि काय सांगू! मला वाटलं होतं आत तारांचं जाळं असेल, झुरळं असतील. आत सगळं विंचरलेलं होतं. कापडी आवरणाच्या वायरी कडेकडेनं वळत गेलेल्या, आणि त्या जागोजागी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या. दोन वायरी इकडून, दोन तिकडून, फास. पुन्हा दोन इकडून, दोन तिकडून, फास.

"हे बघा आप्पा, हे कारखान्याचं काम," मामा खूश झाला. "असं वायरी बांधणं पूर्वी मोठ्या कंपन्यांतच असायचं. म्हणजे माल ओरिजिनल आहे, फक्त कुठला ते—"

"हे कारखान्याचं नाहीये."

हे वाक्य मनात राहिलं नाही. ते बाहेर आलं होतं. मामानं वर बघितलं, मी मागे वळून बघितलं की कोण बोललं.

"काय म्हणालीस?"

"मामा, ह्या... ह्या फुलांच्या गाठी आहेत." मी बॅटरी एका गाठीवर धरली. "गजऱ्याच्या. दोन देठ इकडे, दोन देठ तिकडे, दोन बोटांवर फास घ्यायचा, वरून उतरवायचा, ओढायचा. आमच्या गाळ्यावर असंच बांधायचो आम्ही. आणि हा दोरा बघ ना, मेणबत्तीवरून ओढलाय, पाण्यानं कुजू नये म्हणून. देवीच्या मोठ्या हाराला करतात असं."

"अगं, गाठ म्हणजे गाठ. ती कुणीही मारेल."

"नाही पण. फास उलटा पडलाय. हे बघ, सगळे उलटे. माझी आई डावरी आहे, तिचे असे पडतात. बाबांचे सरळ पडायचे. दोघांचे गजरे शेजारी ठेवले तरी कुठला कुणाचा मी सांगायचे. हे कुठल्यातरी डावऱ्या फुलारणीनं बांधलंय मामा. सगळंच्या सगळं. एका हातचं आहे."

मामा हसायला लागला. "घ्या! रशिया झालं, जर्मनी झालं, आता फुलारीण! ग्रुपवर टाकू का हे?"

आप्पा हसले नाहीत. ते बाकड्यावरून उठले होते.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही. दिसतंय."

"काय दिसतंय? आमच्या घराबद्दल तुला काय ठाऊक?"

"आप्पा, ती घराबद्दल कुठं काय बोलली?" मामा म्हणाला.

"शिवराजच्या आईचं माहेर फुलाऱ्याचं." आप्पांचा आवाज चिरकला. "बोलली न्हाई कशी? ती बाई उभ्या जन्मात मशीनच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आली न्हाई. पावसाळ्यात टॉकीज बंद असायची, साउंड घरी यायचा, मी रिळांच्या नादात मुंबईला न्हाईतर शेतावर. बाबालाल ऑपरेटर तो सोलापूरला नेऊन दुरुस्त करून आणायचा. दसऱ्याला पेटी तयार. मला म्हणायचा, आप्पा, ह्या कारागिराचा हात दुसऱ्या कुणाला न्हाई. कारागीर! सोलापूरचा! आता ही दीड वितीची पोर म्हणती, माझ्या घरात माझा नेम मोडला. माझ्या पाठीमागं."

"मी असं—"

"रमाकांत, झाकण लाव. उद्या घेऊन जातो. भंगारात गेली तर गेली."

ते गेले. चपला उलट्या पायात घालून गेले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बदलल्या.

मामानं पेचकस उचलला. मग पत्रा बसवत म्हणाला, "तुला बोलायची एवढी हौस कधीपासून आली गं?" रागानं नाही म्हणाला, ते जास्त लागलं. आठ महिन्यांत मी पहिल्यांदा कुणाला काहीतरी ठासून सांगितलं होतं आणि त्यानं एका माणसाची शेवटची वस्तू भंगारात निघाली होती. मी ठरवलं, आता दहावीपर्यंत तोंड उघडायचं नाही.

शुक्रवारी आईची सुट्टी असायची. सुट्टी म्हणजे म्हाताऱ्या बाई झोपल्या की मोरीत उभी राहून व्हिडिओ कॉल. मी मामाचा फोन घेऊन गच्चीवर गेले. मामीच्या क्लासच्या बायका सुटल्या होत्या, खाली चपलांचा गोंधळ चालला होता.

"आई, तू फास कुठून टाकायचीस? दाखव ना."

"आता? कशावर दाखवू बाई? इथं सगळी कापडाची फुलं आहेत. पाणी घालायला गेले तर बाईसाहेब हसल्या." तरी तिनं फोन नळावर टेकवला आणि मोकळ्या हवेत डाव्या हातानं बांधून दाखवलं. फास, उतरव, ओढ. फास, उतरव, ओढ. तिच्या पाठीमागे निळ्या फरशा होत्या. बोटं तीच होती, नुसती फुलं नव्हती त्यात.

मग मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "आणि त्या आजी डावऱ्या होत्या का, हे विचारलंस का तू?"

"ते चिडलेच आधी."

"विचारायचं. नाहीतर तू तरी कशावरून म्हणतेस? आणि त्यांना सांगता नाही आलं तर घरातलं उलथनं बघायला सांग."

"उलथनं?"

"तुझ्या मामीला विचार. लग्नानंतर मी माहेरी आले की ती मला कढईला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, वन्सं, तुम्ही उलट्या हातानं खरवडता, माझ्या उलथन्याची कड बिघडते." आई हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला, आत कुणीतरी हाक मारली होती. "जाते गं. जेवलीस ना?"

कॉल संपला तरी मी काळ्या पडद्याकडे बघत होते. मग खाली जाऊन मामीला उलथनं मागितलं. मामी म्हणाली, "आता काय भांडण करायचंय का कुणाशी?"

शनिवारी आप्पा रिक्षा घेऊनच आले. रिक्षावाल्याला बाहेर थांबवलं, आत आले, माझ्याकडे पाहिलंही नाही. "दे रे रमाकांत. पैसे काय झाले?"

"केलंच काय मी, पैसे घ्यायला?" मामानं पेटी पुढे सरकवली.

मी स्टुलावरून उठले. पाय कापत होते, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या शाळेतल्या मुलींना वाटतं मी जन्मतःच स्टेजवर उभी राहिलेय.

"आप्पा, एकच विचारू? मग नाही बोलणार."

त्यांनी मान वर केली नाही.

"आजी डावऱ्या होत्या का?"

"न्हाई," ते ताबडतोब म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजे..." आणि थांबले. त्यांचा एक हात पेटीवर होता, तो त्यांनी उचलला, हवेत काहीतरी वाढल्यासारखा फिरवला, मग दुसरा उचलला. ताट वाढणारा हात कोणता होता ते आठवत असावेत. पाणी देणारा. टॉकीजमधल्या देवाच्या तसबिरीला रोजचा हार करणारा. दोन्ही हात तसेच राहिले.

"रोज हार करायची," ते म्हणाले. "माझ्यासमोर बसून करायची. मी तिकिटाची चिल्लर मोजत असायचो."

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मामा म्हणाला, "थांब रे जरा."

"मला ठाऊक न्हाई," आप्पा म्हणाले. मला वाटलं ते पुन्हा ओरडतील, पण ते बाकड्यावर बसले. "जाऊन वर्ष व्हायला आलं तिला. आन् मला ठाऊक न्हाई ती कोणत्या हाताची होती ते. कुणाला विचारू? बाबालाल गेला. शिवराज हॉस्टेलात वाढला. सून आली तवा हिनं हातरुण धरलेलं."

"घरात त्यांचं उलथनं आहे का?" मी विचारलं. आणि मामीचं उलथनं दप्तरातून काढून काउंटरवर ठेवलं.

मामानं कपाळावर हात मारला. पण मी समजावून सांगितलं. उजव्या हातानं वर्षानुवर्षं कढई खरवडली की उलथन्याचा एक कोपरा झिजतो, मामीच्याचा डावीकडचा झिजलाय बघा. डावऱ्या बाईचा दुसरा झिजेल. आप्पांनी उलथनं हातात घेऊन पाहिलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उलथनं हातात घेतलं असावं, कारण ते त्यांनी दांड्याऐवजी पात्याला धरलं होतं. ते काउंटरवर ठेवून आप्पा रिक्षात बसून गेले.

पेटी काउंटरवरच राहिली होती.

तासाभरानं आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत होतं. सून विचारत होती, आप्पा कढईतली भाजी सोडून उलथनं कुठं नेताय, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यावर आम्ही कुणी हसलो नाही. त्यांनी ते मामीच्या उलथन्याशेजारी ठेवलं. लोखंडी, जुनं, काळं. मामानं वरचा दिवा खाली ओढला.

उजवा कोपरा नव्हताच. पातं तिरकं होत होत जवळजवळ दांड्यापर्यंत गेलं होतं. दोन उलथनी शेजारी शेजारी, आरशात बघितल्यासारखी.

आप्पांनी त्या झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कितीतरी वेळ फिरवला.

"श्रावणात तिच्या बोटांना चटके असायचे," ते म्हणाले. "बारीक बारीक. मी म्हणायचो, एवढी वर्षं झाली, अजून भाकरी टाकता येत न्हाई का नीट? ती म्हणायची, तवा तापलेला होता."

मामानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. त्याच्याही बोटांना होते, सोल्डरिंगचे. त्यानं पेटी उलटी करून पत्रा पुन्हा काढला.

"कंपनी शोधत बसलो, ती चूक झाली," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मूळचा डबा कुणाचा का असेना. आत त्या डब्यातलं काही राहिलेलंच नाही. मिळेल तो वॉल्व्ह, मिळेल तो ट्रान्सफॉर्मर, आणि सगळं नव्यानं बांधलंय. जुई, इकडे ये. ही गाठ. इथून कुठं जाते?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "लाव. लाव हात."

मग आम्ही दोघं गाठीमागून गाठ गेलो. नकाशाची गरज नव्हती. जोडीनं येणाऱ्या वायरी जोडीनं जात होत्या, माझं बोट गाठीवर, मामाचं मीटर टोकावर, मामा कागदावर आकडे मांडत होता. शेवटी एका कोपऱ्यात गाठी एकदम संपल्या. तिथून पुढे प्लॅस्टिकची पिवळी वायर होती, सैल, कशीतरी चिकटवलेली.

"बिघाड इथंय. हे दुसऱ्या कुणाचं तरी काम. आप्पा, हिला शेवटी कुणी उघडलं होतं?"

"सोलापूरच्या मिस्त्रीनं. खरोखरच्या." आप्पा उलथनं मांडीवर घेऊन बसले होते. "त्या पावसाळ्यात शिवराजची आई दवाखान्यात होती, ऑपरेशन झालं होतं. बाबालाल चार वेळा दवाखान्यात येऊन गेला. मला वाटायचं, भला माणूस, वैनीची चौकशी करतोय. मग दसरा आला, मी स्वतः गाडी करून मिस्त्रीकडं नेला साउंड. पहिल्याच जत्रेत मधेच आवाज गेला. लोकांनी खुर्च्या फेकल्या. तो टॉकीजचा शेवटचा हंगाम."

मामानं पिवळी वायर काढली. दुपार उलटेपर्यंत त्यानं कोपरा पुन्हा जोडला. वायरी मोकळ्या लोंबत होत्या, तेव्हा त्यानं दोऱ्याचं रीळ माझ्याकडे सरकवलं.

"बांध."

मी मेणबत्तीवरून दोरा ओढला. मी उजवी आहे, माझे फास सरळ पडतात. त्या उलट्या गाठींच्या रांगेपुढे माझ्या चार सरळ गाठी लगेच ओळखू येतात. कुणी पत्रा काढून पाहिलं तर आजही ओळखू येतील. दिवे लागायच्या सुमाराला मामानं हळूहळू लाइन दिली. वॉल्व्ह केशरी झाले, आणि दुकानाच्या पायरीवर ठेवलेल्या कर्ण्यातून मंद घरघर आली, कुणीतरी बोलायच्या आधी घसा साफ करावा तशी.

रविवारी मॅडम आल्या. तरुण होत्या, हातात क्लिपबोर्ड. शिवराजदादाही आला होता, हाताची घडी घालून दारात उभा. मॅडमना आवाज ऐकायचा होता, म्हणून मामानं माइक जोडून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पूर्वी याच माइकवरून ते जत्रेत पुकारायचे. मला वाटलं आता 'विलायती आवाज' म्हणून सुरुवात करतील. शिवराजदादालाही वाटलं असावं, कारण तो आधीच हसत होता.

"आवाज छान आहे हो," मॅडम म्हणाल्या. "बरं, ओळख पटली का? बनावट कुठली लिहू?"

"घरची," आप्पा म्हणाले. माइक चालू होता. ते कर्ण्यातून रस्ताभर गेलं. समोरच्या गिरणीतून पिठानं पांढरा झालेला माणूस डोकावला.

"घरची म्हणजे? तुम्ही बनवलात?"

"न्हाई. मला ह्यातलं काही येत न्हाई."

"मग कुणी? पाटीवर नाव लागेल."

आप्पांनी माइककडे पाहिलं. कर्ण्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. इतके दिवस मी त्यांच्या तोंडून 'शिवराजची आई' ऐकलं होतं, 'ती' ऐकलं होतं, 'ही' ऐकलं होतं. शिवराजदादानं हाताची घडी सोडली. "आप्पा, मी सांगू का?" तो म्हणाला. आप्पांनी मानेनं नको म्हटलं.

"निलावती," ते म्हणाले.

मॅडम पुढच्या आडनावासाठी पेन टेकवून थांबल्या होत्या. आप्पा पुढे बोलले नाहीत. त्यांची मान रस्त्याकडे वळली होती, नाव कर्ण्यातून ज्या बाजूला गेलं त्या बाजूला, आणि ते नाव सांगत होते की हाक मारत होते ते मला कळेना. मामा थांबला, मी थांबले, गिरणीतला माणूसही थांबला.

कुणी ओ दिली नाही.